छताला भिडलेलं झाड

सात कंपन्या गिळून बसलेल्या साहेबांना दालनाच्या दारावर झाड कोरून हवं होतं, फांदीफांदीवर पाखरं असलेलं. सुताराची धाकटी बहीण हिब्रू शिकवायची. डबा द्यायला आली, तेव्हा पेन्सिलची आखणी बघून तिनं कपाळावर हात मारला. "दादा, जुने हिब्रू संदेष्टे साम्राज्याला असंच झाड म्हणायचे. ते माजून आभाळाला टेकलं, की कुऱ्हाड पडायचीच!"

सुतार पेचात पडला. सांगावं तर पोटावर पाय, गप्प बसावं तर पटाशी हातात ठरेना. साहेब आले, तेव्हा त्यानं घसा खाकरला. "साहेब, जरा बुटकं करू?"

"बुटकं? अक्कल गहाण टाकलीस का? छताला भिडव!"

सुताराचा हात एकदम स्थिरावला. दाराच्या वर छतापर्यंत आणखी एक फळी ठोकून त्यानं झाड अगदी मनापासून वाढवलं.