उजव्या खुर्चीवरचा केशव

कॅप्टन देवराव भोयर यांना अठ्ठावन्न वर्षं पुरी व्हायला तीनच महिने उरले होते. अठ्ठावन्न झाली की कंपनी वैमानिकाला घरी बसवत असे, मग तो कितीही धडधाकट असो. त्यांच्यामागे रांगेत पहिला होता नागपूरच्या महाल भागातला केशव ठवरे. बिचारा सात वर्षं सहवैमानिक म्हणून उजव्या खुर्चीवर बसून होता. देवराव उठले की डावी खुर्ची त्याची.

म्हणूनच त्याची नजर देवरावांना खुपू लागली. पूर्वी विमान उतरताना केशव समोर धावपट्टीकडे बघायचा. आता तो देवरावांच्या तोंडाकडे बघे. हात मांडीवर न ठेवता सुकाणूच्या दांडीजवळ धरी. "बरं वाटून राहिलं ना, सर?" असंही मध्येच विचारी.

त्या प्रश्नावर देवराव घाईनं "बरं आहे" म्हणून टाकत. होळीच्या सुमारास न्हाणीघरात त्यांना चक्कर आली होती. ते फक्त त्यांच्या बायकोला, सुभद्राबाईंना माहीत होतं. मग ह्याला कसा वास लागला? ह्यानं कंपनीच्या डॉक्टरांच्या कानावर घातलं, तर उरलेले तीन महिनेही जायचे!

एका दुपारी फेरी रद्द झाली, म्हणून देवराव सोनेगावच्या विमानतळावरून लवकर परतले. फाटकाशी केशवची स्कूटर उभी. ते व्हरांड्यातच थबकले. आतून केशवचा दबका आवाज येत होता.

"परवा रायपूरले उतरताना हात थरथरला त्यांचा. मी सावरलं, काकू. पण आता मले भेव वाटते."

देवराव ताडकन आत शिरले. "काहून गा, खुर्ची मागाले माह्या घरापर्यंत आला काय?"

उत्तर सुभद्राबाईंनी दिलं.

"त्याले मीच बोलावलं. चक्करचंही मीच सांगितलं."

"तू?"

"तुम्ही डॉक्टरले सांगत नव्हते. मांगं चाळीस माणसं बसतात. मी कोणाले सांगू मंग?"

देवराव केशवकडे वळले. "अन् तू कंपनीले काहून नाही सांगितलं?"

"सगळे म्हणाले असते, खुर्चीसाठी केलं. तुम्हीही म्हणाले असते, सर."

इतके दिवस देवराव मनात तेच तर म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून डॉक्टरांकडे गेले. उडणं त्याच दिवशी बंद झालं. उरलेले दिवस त्यांनी कार्यालयात बसून दुसऱ्यांच्या फेऱ्या ठरवण्यात काढले. केशव कॅप्टनच्या प्रशिक्षणाला हैदराबादला निघाला, तेव्हा देवराव त्याला स्टेशनवर सोडायला गेले. गाडी हलेपर्यंत त्याचा हात धरून उभे राहिले.

केशववरचा संशय गेला, पण आता तोच संशय घरात येऊन बसला. अंगणात सुभद्राबाईंचा आवाज जरा खाली गेला की देवराव वर्तमानपत्र बाजूला ठेवत.

"कोणाशी बोलून राहिली वं?"

"दूधवाल्याशी," त्या म्हणत, आणि पातेलं घेऊन आत येत.