अप्पांच्या तोंडी उरलेला शब्द

धारवाडच्या मळमड्डीत मधुकररावांना सगळेच अप्पा म्हणत, आणि अप्पांसमोर कुणी जीभ सैल सोडत नसे. उभी हयात त्यांनी तिथल्याच कोर्टात वकिली केली. मारामारीच्या खटल्यात कोण कुणाला काय म्हणालं हे वाचून दाखवायची वेळ आली, की अप्पा तो कागद न्यायाधीशांपुढे सरकवत. "साहेबांनीच नजर टाकावी," म्हणत. बाररूममध्ये याची भरपूर थट्टा व्हायची. अप्पा हसत, पण शिवी काही ओठांवर येऊ देत नसत.

अशा माणसाच्या मुलाचं पोट शिव्यांवर चालावं! प्रभंजन बंगळुरूची नोकरी सोडून स्टँडअप कॉमेडी करायला लागला. हुबळीची ठसकेबाज कन्नड, मध्येच घरची मराठी, आणि दोन वाक्यं गेली की एक 'बोळीमगन'. हा शब्द आमच्याकडे बाजारात, बसस्टँडवर, दोस्तांच्या गप्पांत मिठासारखा पडतो. बोळी म्हणजे केस उतरवलेली विधवा, बोळीमगन म्हणजे तिचा पोर. एवढा विचार करून कुणी तो उच्चारत नाही.

हुबळीच्या देशपांडे नगरात प्रभंजनचा कार्यक्रम लागला, तेव्हा वत्सलाबाई हट्टानं नवऱ्याला घेऊन गेल्या. लोक हसून हसून डोळे पुसत होते. अप्पा भर कार्यक्रमातून उठले आणि चालू लागले. रात्री मुलगा घरी आला तर त्याला दारातच म्हणाले, "त्या तोंडानं माझ्या घरात जेवायला बसू नकोस." प्रभंजन पायातल्या चपला न काढता परत गेला. बापलेकांचं बोलणं तिथंच तुटलं.

यंदाच्या उन्हाळ्यात दाढी करता करता अप्पा कोसळले. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. हुबळीच्या दवाखान्यात त्यांना शुद्ध आली तेव्हा उजवा हात लुळा पडला होता. वत्सलाबाई त्यांच्यावर वाकल्या. "अहो, मी आहे."

अप्पांनी बायकोकडे डोळे भरून पाहिलं. ओठ जुळवायला त्यांना फार कष्ट पडले.

"बोळीमगन," ते म्हणाले.

नर्सनं तोंड फिरवलं. वत्सलाबाईंना वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. पण पाणी हवं असलं तरी तोच शब्द, कूस बदलायची असली तरी तोच. दुसरा म्हणून शब्द येईना.

बोलणं शिकवायला येणारी श्रीलक्ष्मी वयानं लहान होती, पण आपल्या कामात मुरलेली. ती कन्नडमध्ये म्हणाली, "अम्मा, आपण विचार करून बोलतो ती जागा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. तिथंच मार बसलाय. शिव्या, देवाची गाणी, आपोआप तोंडातून निघतं ते सगळं दुसरीकडे असतं, खोल. ते कधी कधी वाचतं."

"पण हा शब्द त्यांनी जन्मात उच्चारला नाही गं!"

"उच्चारला नसेल. ऐकला असेल ना?"

ऐकला होता. तो किती ऐकला होता, हे वत्सलाबाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मळमड्डीच्या घरी आल्यावर त्यांनी रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या. भेटायला येणाऱ्यांना "झोपलेत" असं सांगून दारातूनच वाटेला लावलं. सगळ्यात वाईट म्हणजे, आपण काय बोलतो ते अप्पांना कळत होतं. शब्द सुटला की ते डाव्या हातानं तोंड दाबून धरत, डोळ्यांतून पाणी गळे. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. श्रीलक्ष्मी म्हणाली, "त्यांना असं गप्प राहू देऊ नका, अम्मा. आहे तेवढंही जाईल."

मग वत्सलाबाईंनी प्रभंजनला बोलावून घेतलं.

तो आला, तर अप्पांनी त्याला बघताच तोंडावर हात घेतला. "बोला की अप्पा, काय वाट्टेल ते बोला," तो विनवत राहिला. अप्पांनी मान भिंतीकडे वळवली.

प्रभंजन स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला. वत्सलाबाईंनी गॅस बंद केला.

"तुझ्या अप्पांना कुणी वाढवलं, माहिताय तुला?"

"आत्यानं. आई लहानपणीच गेली ना त्यांची?"

"ती आत्या बालविधवा. केस उतरवलेले, अंगावर लाल आलवण. तिनं ह्यांना पदराखाली वाढवलं. शाळेत जाताना गल्लीतली पोरं ओरडायची, बोळीमगन, बोळीमगन! बाकीच्यांना ती नुसती शिवी असेल, ह्यांच्या बाबतीत ते खरंच होतं. दुसऱ्या कुणाला त्यावर मारामारी तरी करता आली असती. हे घरी येऊन आत्याच्या मांडीत डोकं खुपसायचे, आणि ती विचारायची, बाळा, काय झालं? तिला काय सांगणार?"

प्रभंजनचा चेहरा उतरला. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं तर तो शब्द तोंडातून काढावा लागला असता त्यांना."

दिवेलागण झाली. वत्सलाबाईंनी देवापुढे निरांजन पेटवून हातात घेतलं. प्रभंजननं अप्पांची खुर्ची देवघराजवळ आणली आणि त्यांच्या पायाशी बसून रोजचं स्तोत्र म्हणायला लागला. लहानपणी पाठ केलेलं, आता अर्धं विसरलेलं. चार ओळी झाल्या आणि तो अडला.

अप्पांचा हात तोंडावरून खाली आला. मुलगा जिथं अडला होता तिथूनच त्यांनी पुढं धरलं.

शब्द तोच, एकुलता एक. पण चाल अचूक होती. चरण संपेल तिथं थांबणं, जोडाक्षरावर आवाजाला बसणारा हेलकावा, फलश्रुतीला खाली उतरणारा स्वर, सगळं जिथल्या तिथं. आवाज कोर्टातल्या अप्पांचा नव्हता. तो एका लहान पोराचा होता, कुणाच्या तरी मांडीवर बसून, तिच्या मागोमाग म्हणणाऱ्या.

निरांजन हातात तसंच धरून वत्सलाबाई उभ्या राहिल्या. हे स्तोत्र अप्पांना आत्यानंच शिकवलं होतं. बोळीनं आपल्या पोराला शिकवलं होतं. पोरांनी दगडासारखा भिरकावलेला शब्द एवढी वर्षं आत, तिच्या स्तोत्राशेजारी पडून होता, आणि बाकी सगळं वाहून गेल्यावर ही दोनच उरली होती. त्यांनी निरांजन खाली ठेवलं आणि हात जोडले. देवाला की अप्पांना, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

स्तोत्र संपलं तेव्हा दारात शेजारचे बाळाचार्य उभे दिसले. हातात मठातल्या प्रसादाचा द्रोण होता. ते कधीपासून ऐकत होते कोण जाणे. वत्सलाबाई धास्तावल्या. आचार्यांनी चपला काढल्या, आत आले आणि अप्पांसमोर जमिनीवर मांडी घातली.

"कसं वाटतंय, अप्पा?"

अप्पांनी तोंड झाकलं नाही. प्रसादासाठी डावा हात पुढे केला आणि मोकळ्या सुरात सांगितलं, "बोळीमगन."

"वा, छान. मग बसतो थोडा वेळ," आचार्य म्हणाले.

प्रभंजन उठला आणि त्यानं रस्त्याकडच्या खिडक्या उघडल्या.