पायाळूचा अंगठा

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले. आईचे हाल झाले, सुईणीने हात टेकले, आणि मी मात्र उभ्या उभ्या या जगात दाखल झाले. असल्या माणसाचा पाय पाठीला लागला की कमरेची उसण उतरते, असं आमच्या पारशिवनीकडे सगळेच मानतात. त्यामुळे मला नीट वेणी घालता यायच्या आधीपासून मोठमोठे बाप्ये आमच्या अंगणात पालथे पडायचे. "पुष्पलता, मार वं एक लाथ!" मी उजवी टाच त्यांच्या कमरेवर टेकवायची, आणि थोरामोठ्यांना पाय लागला म्हणून, टाच पाठीवरून काढायच्याही आधी, दोन्ही हात जोडून नमस्कार करायची. माणूस उठून चालायला लागायचा.

मुलाने, अश्विनने, शहरात मनीषनगरात घर बांधलं तरी हे काही सुटलं नाही. तिथले शिकलेले लोक मागच्या दाराने येत, एवढाच फरक. एरवी रस्त्यात ओळख न दाखवणारे साहेब माझ्या चटईवर गपगुमान पालथे पडत. मला मजा वाटायची. खोटं कशाला बोलू, गर्वही वाटायचा.

मग दिवाळीच्या साफसफाईत मी गव्हाची कोठी सरकवायला गेले आणि माझ्याच कमरेत करकन झालं. वाकले ती वाकलेलीच. दुनियेची उसण उतरवणारीला स्वतःच्या पाठीवर स्वतःचा पाय ठेवता येतो थोडाच? आमचे हे, चंपतराव, दुसरा पायाळू शोधायला निघाले. पण हल्ली पायाळू मिळतात कुठे! बाळ उलटं असलं की डॉक्टर पोट चिरून काढतात, पायाळूपणा तिथेच संपतो. शेवटी पारशिवनीहून माझा चुलतभाऊ गोविंदा आला. जन्माने अस्सल पायाळू, अंगाने अस्सल नांगऱ्या. माझी टाच टेकायची, त्याची बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालून परत येत होते, तर मागून हे ओरडले, "अवं, तुही चप्पल मागंच राहिली ना!"

मी खाली बघितलं. उजवा पाय अनवाणी होता आणि मला पत्ताच नव्हता. पंजा लोंबत होता. अंगठा वर उचलून बघितला, तर उचलेचना. मी उचलतेय, आणि तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा पडून आहे. तोच पाय. पायाळूचा पाय.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले. मणक्यामधली गादी सरकलीय, नस दबलीय, म्हणाले. आधी फिजिओथेरपी करा, ताकद येते का बघू, नाहीतर ऑपरेशन. पाय पहिल्यासारखा होईल का, असं विचारलं तर, "आत्ताच सांगता येणार नाही." ऑपरेशनची भीती होतीच. पण खरी भीती वेगळी होती. स्वयंपाक सगळ्याच बायका करतात, वाती सगळ्याच वळतात. हा पाय गेला तर पुष्पलता म्हणून उरणार काय?

अश्विन मला फिजिओथेरपीसाठी मेघाच्या दवाखान्यात घेऊन गेला. मेघा म्हणजे टी-शर्ट घातलेली, केस वर बांधलेली एवढीशी पोर. ही काय माझी पाठ बघणार, म्हणून मी तोंड फुगवून बसले. तिने खुंटीला टांगलेला प्लास्टिकचा कणा काढला. मणक्यामणक्यातून पिवळे दोरे बाहेर आलेले. त्यातल्या एकावर बोट ठेवून ती म्हणाली, "काकू, ही नस इथून निघते." आणि तेच बोट तिने माझ्या कमरेवर ठेवलं, मग कुल्ल्यावरून, मांडीच्या मागून, पोटरीच्या कडेने नेत थेट अंगठ्यावर आणलं. "अन् इथं पोहोचते. कमरेत दबली, म्हणून इथं अंगठा ऐकत नाही."

"म्हणजे माहा पाय पाठीतून चालते?"

"सगळ्यांचाच, काकू."

मी त्या पिवळ्या दोऱ्याकडे बघतच राहिले. जन्मभर मला वाटत होतं की माझा पाय लोकांच्या पाठी सरळ करतो. आणि इथे माझ्याच पाठीतला एक धागा त्या पायाला नाचवत होता, मला न विचारता, न सांगता. स्वतःच्या अंगात इतकं काही चाललेलं असतं आणि आपण भाजीला मीठ किती घालायचं याच्या विचारात असतो!

"गोविंदाच्या लाथेनं झालं का हे?" मी विचारलं.

"सांगता नाही येत. नस आधीच दबत आली असंल. पण आता कोणाची लाथ नको."

"अन् मी मारल्या त्या?"

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. "जोरात मारत होत्या?"

"मारत कुठली, टेकवत होती."

"बहुतेक उसण आपोआपच उतरते, काकू. भीती आपोआप नाही उतरत. ती तुमी उतरवत होत्या."

त्या दिवसापासून मी तिचं ऐकायला लागले. पालथं पडून छाती उचलायची, हात-गुडघे टेकून एक पाय मागे ताणायचा, आणि सगळ्यात शेवटी खुर्चीत बसून अंगठ्याला वर ये म्हणायचं. मी त्याला गोंजारलं, शिव्या दिल्या, "माजला का बे?" असंही विचारलं. तो ढिम्म. आणि मग एका दुपारी मेघाने माझं बोट धरून माझ्याच पावलावर ठेवलं. कातडीखाली एक बारीक दोरी सळसळली. अंगठा हलला नव्हता, पण निरोप पोहोचला होता. अश्विन पोटात पहिल्यांदा हलला तेव्हा मी अशीच श्वास रोखून बसले होते.

पण पुढे गाडी तिथेच अडली. दोरी सळसळायची, अंगठा वर यायचा नाही. डॉक्टरांना पाय दाखवायची वेळ आली. आदल्या दिवशी मेघाने बोटाने अंगठा दाबून बघितला आणि नुसतीच मान खाली घातली. मला कळलं, आता ऑपरेशन. चपला घालायला मी दाराकडे वळले.

तेवढ्यात मागे ती कण्हली. सकाळी मान आखडलेल्या एका धिप्पाड पेशंटला तिने आधार देऊन उठवलं होतं, ते आता भोवलं होतं. टेबल धरून ती अर्धी वाकली होती, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू.

"काकू, उसण भरली. टेकवा ना पाय."

"तूच म्हटलं ना वं, लाथ नको!"

"लाथ नकोच. टेकवा."

ती कशीबशी चटईवर पालथी झाली. मी भिंतीचा दांडा धरला, डाव्या पायावर भार घेतला आणि उजवा पाय तिच्या पाठीवर नेला. मनात एकच होतं, की पोरीच्या अंगावर वजन पडता कामा नये. अंगठ्याची आठवणही नव्हती. टाच अलगद टेकली. आणि जन्माची सवय, दांडा सोडून माझे दोन्ही हात नमस्काराला जोडले गेले.

"काकू," मेघा खालूनच म्हणाली. तिचं तोंड भिंतीवरच्या आरशाकडे होतं. "आरशात पाहा."

आरशात एक म्हातारी एका पायावर उभी होती, कशालाही न धरता. तिची फक्त टाच टेकलेली होती. पंजा उचललेला होता, आणि अंगठा सरळ वर, आढ्याकडे. मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. पाठीतून निघालेला तो धागा इतक्या वाटेने येऊन, आपला आपण, त्याला उभा करून गेला होता. मला रडू फुटलं.

"उसण गेली का वं?" मी कसंबसं विचारलं.

"नाही गेली," मेघा म्हणाली. तीही रडत होती. "पण हलू नका. मले पाहू द्या."

मी हात जोडून तशीच उभी राहिले.