घडीची जोडीदारीण

साहेब, त्या बाईला तुम्ही एकटं पाडलंत आणि आता तिचंच डोकं तपासायला निघालात.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात मावशी आणि शिडी जोडीनं चादरींच्या घड्या घालायच्या. उंच म्हणून ती शिडी. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. ताणायची, झटकायची, चालत येऊन टोकाला टोक भिडवायचं. भिडलं की एक वाक्य, मग पुन्हा मागे. उभी हयात दोघींनी एकमेकींचे संसार असे तुकड्यातुकड्यानं ऐकले.

"सुनेनं आज काय फोडलं?" मावशी विचारायची.

"माझं डोकं."

"जाऊ दे, रिकामंच होतं."

मग घड्या घालणारं यंत्र आलं. शिडीला पलीकडच्या इमारतीत कोठारावर धाडलं, मावशीला यंत्रापाशी ठेवलं. हातांना आराम मिळाला, तोंडालाही. मावशीचा नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. झोप उडाली. शब्द ओठांवर येऊन अडायला लागले. भाजीवाल्यापुढे कांद्याचं नाव आठवेना, तेव्हा तिनं नुसतं बोट दाखवलं.

परवा मुकादमानं पाहिलं, यंत्र चालू आणि मावशी चादरीची दोन टोकं भिंतीसमोर धरून उभी. "धर ना गं," म्हणत होती.

साहेबांनी फर्मावलं, तपासून घ्या, नाहीतर घरी बसा.

"झोप लागते?" डॉक्टरांनी विचारलं.

"येते, घरात कुणी दिसत नाही म्हणून परत जाते."

"घरी कोण असतं?"

"पंखा. तोही कुरकुरतो."

डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडला. "रक्तदाब चढलाय. वेडबीड काही नाही, मावशी. बोलायला माणूस नसलं की डोकं मंदावतं, अंगही साथ सोडतं. गोळी देतो. पण गोळी काही गप्पा मारत नाही. तुमची जोडीदारीण मागून घ्या."

मावशी तशीच साहेबांच्या खोलीत गेली.

"यंत्र असताना दोन बायका कशाला?" साहेब म्हणाले. "तुमचं काम आम्ही हलकंच केलं ना?"

"जड कधी होतं, साहेब?"

"बरं, बघू." साहेबांनी फाईल पुढे ओढली, म्हणजे आता निघा.

मावशीनं खुर्ची ओढली आणि कुणी न सांगता बसली. पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले.

"बघू म्हणजे काय? शिडीला परत आणताय की मला घरी धाडताय? मी थांबते. गप्प बसून राहायची सवय तुम्हीच लावलीत. बोला."