कपाळावरचा चष्मा

दुपारी तीनच्या सुमारास ग्राइंडरवरून लोखंडाचा तुकडा उडाला आणि दादाच्या उजव्या डोळ्यात घुसला. तेव्हा मी त्या डोळ्याच्या दोन बोटं वर होतो.

मित्रांनो, मी दादाचा जुना संरक्षक चष्मा. जाड काच, रबरी पट्टा. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा इतका स्वच्छ होतो की माझ्यातून पाहणाऱ्याला मी दिसतच नसे. मग दादाच्या वर्कशॉपमध्ये आलो आणि ठिणग्या झेलू लागलो. माझ्या काचेवरचा प्रत्येक ओरखडा खरं तर दादाच्या डोळ्यासाठी निघालेला होता.

दादा मला जिवापाड जपायचा. काम सुरू करण्याआधी मऊ फडक्याने पुसायचा आणि सगळ्यांना सांगायचा, "हा आमचा जावई. जरा धूळ बसली की तोंड फुगवतो!"

पुढे जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या लेथ यंत्रावर काम करणाऱ्या लेथवाल्याच्या कपाटातून बाटली निघू लागली. "दोन घोटांनी काय लेथ उलटी फिरते का?" तो म्हणायचा. फडकं कुठे पडलं कुणास ठाऊक. घामाने, गरम श्वासाने मी धुरकट होऊ लागलो. दादा वैतागून मला कपाळावर सरकवायचा, पण चाक फिरायच्या आधी आठवणीने खाली ओढायचा.

त्या दुपारी घोट दोनावर थांबले नाहीत. दादाने सळई उचलली. लेथवाला ओरडला, "अरे, चष्मा!"

दादाने डोक्यामागे हात नेला. पट्टा हाताला लागला. "आहे की! दिसत नाही का तुला? सगळं धुरकट झालंय बघ, पुसायला हवा लेकाचा."

धुरकट मी नव्हतो, मित्रांनो. मी तर वर होतो. ती दारू होती.

सळई ग्राइंडरच्या चाकावर वाकडी टेकली आणि तुकडा उडाला. दादाला फारसं दुखलंही नाही. "कण गेलाय वाटतं," म्हणत तो डोळा चोळू लागला. आमच्याकडे एकमेकांच्या डोळ्यातला कण रुमालाच्या टोकाने काढायची जुनी पद्धत. लेथवाल्याने रुमालाला पीळ दिला. "हलू नकोस. आजवर किती काढलेत मी!" त्याने दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं.

समोरच्या शिलाईच्या दुकानातून दादाची बायको, आमच्या वहिनी, धावत आल्या. "भावजी, हात काढा आधी!" त्या किंचाळल्या. रुमाल लाल झाला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती प्यायलात?"

"थोडीशीच."

"थोडीशी म्हणजे किती? भूल द्यायची आहे, खरं सांगा."

खरं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "मग लगेच नाही देता येणार. थांबावं लागेल." डोळा तसाच घेऊन दादा पडून राहिला. वहिनी त्याचा हात धरून बसल्या.

मित्रांनो, मला पुसा, डोळ्यांवर ठेवा. आणि पोटात दारू असेल तर यंत्राजवळ जाऊच नका. तेव्हा मी कुठे आहे, हेसुद्धा तुम्हाला कळणार नाही.

तुकडा निघाला आहे. मी दादाच्या उशाशी टेबलावर आहे, पट्ट्यावर डाग आहे. आज सकाळी पट्टी बदलताना डॉक्टरीणबाईंनी डावा डोळा झाकला आणि उजव्यासमोर बॅटरी धरली. "उजेड दिसतोय?"

दादाने मान थोडी पुढे केली. मग हळूच म्हणाला, "लावलीत का?"

सूज उतरल्यावर पुन्हा पाहू, असं त्या म्हणाल्या. सूज अजून उतरलेली नाही.