कोरा रकाना

"मागच्या तीन वर्षांत या पहिल्या मोटारीचे अपघात किती?" पंडितरावांनी विचारलं.

"येक बी नही," भाईदासनाना म्हणाले.

"त्याआधी?"

"त्याआधी बी नही. लिखा तुमी."

धुळ्याच्या मोटार स्टँडवर, नानांच्या पत्र्याच्या ऑफिसात हे चाललं होतं. प्रवासी नेणाऱ्या नानांच्या तीन सर्विस मोटारी धुळे-पारोळा-जळगाव रस्त्यावर धावत. त्या साली, म्हणजे सेहेचाळीस साली, मोटारींचा विमा सक्तीचा झाला होता आणि कंपनीचे इन्स्पेक्टर पंडितराव जळगावहून अर्ज भरून घ्यायला आले होते. पहिल्या मोटारीचा ड्रायव्हर सरदार दारापाशी उभा होता. पन्नाशी उलटलेला, सडपातळ, खाकी कोटातला माणूस.

"नाना, कंपनी कुणाचा चेहरा बघत नाही," पंडितराव सांगत होते. "मागं काय झालं ते बघते आणि त्यावरून पुढं काय होईल याचा अंदाज बांधते. यावलच्या एका मालकाची मोटार दोनदा नाल्यात गेली. दोन्ही वेळा कंपनीनं भरपाई दिली. आता त्यांचा हप्ता तुमच्या दीडपट आहे. तुम्हाला सूट मिळतेय ती या माणसामुळे." त्यांनी सरदारकडे बघून मान हलवली. "बावीस वर्षांत रकाना कोरा! असं आम्हाला बघायला मिळत नाही."

सरदार ताठ उभा राहिला. बावीस वर्षं. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा कोळशाच्या गॅसवर धापा टाकणारी मोटारसुद्धा त्यानं एक कोंबडीही न चिरडता नेली होती.

"शेवटचा प्रश्न. ड्रायव्हरच्या दृष्टीत काही दोष?"

"कसाना दोष!" नाना हसले. "लिखा, काही नही."

पंडितरावांनी लिहिलं आणि टाक सरदारपुढे केला. "इथं तुमची सही."

सरदारनं टाक हातात घेतला, पण सही केली नाही. "साहेब, जेवून येतो," तो म्हणाला. "तीनच्या सर्विसच्या आधी करतो."

घरी बायकोनं, आबेदानं, ताट वाढलं. सरदारनं भाकरी मोडली, पण घास घेतला नाही.

"आबेदा, एक आँख से धुंदला दिखता है."

"मालूम है मुझे," ती म्हणाली. "महिनाभर हुआ, पानी गिलास के बाहर गिराते हो."

"तो बोली क्यूं नहीं?"

"तुम खुद बोलोगे करके रुकी थी."

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. गुपचूप दवाखान्यात जाऊन आलो होतो. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदाच गेलाय, चष्म्यानं भागणार नाही आणि दुसऱ्या डोळ्याचाही भरवसा नाही. आणि त्यानंतर आठ दिवसांनी मुकटीजवळ काय झालं, तेही. आबेदा ऐकत राहिली. मग तिनं त्याच्या खाकी कोटावरून हात फिरवून सुरकुत्या मोडल्या आणि तो त्याच्या हातात दिला.

स्टँडवर परतल्यावर सरदार सरळ ऑफिसात गेला.

"नाना, तो दोषना रकानामा लिखा, शे म्हनीसन. माले एक डोयानं दिखस नही."

नानांचा चेहरा लाल झाला. "हाई आते सांगस तू? कागद झाया ना, मंग सांगता उनं नही?"

"तठे मनी सही ऱ्हाई, नाना."

"तुनं नाव निंघनं का सूट गयी! दुसरा ड्रायव्हर जीवरामनं नाव टाकनं पडी. त्यानी बैलगाडीले धडक मारेल शे, हप्ता चढी!"

"चढी," सरदार म्हणाला. "पन आठ दिन झायात, मुकटीजोडे भिकुबाई हात वर करीसन उभी व्हती. माले ती दिखनीच नही. ती उडी मारीसन बाजूले झायी, म्हनीसन वाचनी."

नाना खुर्चीत मागे टेकले. दर मंगळवारी पेरूंची पाटी घेऊन मोटारीत चढणारी भिकुबाई त्यांना चांगली ठाऊक होती. पंडितरावांनी भरलेला अर्ज उभा फाडला आणि कोरा कागद पुढे ओढला.

"पंधरा वर्षं हे अर्ज भरतोय," ते हलकेच म्हणाले. "लोक मोडलेल्या गाड्या लपवतात, मेलेली माणसं लपवतात. सूट मी देऊ शकत नाही, सरदारभाई. नियम नियमच. पण तुमचे आभार मानतो."

नाना उठले. स्वतः बाहेर जाऊन हॉटेलातून चहा घेऊन आले आणि कपबशी सरदारच्या हातात दिली.

"बावीस वरीस मोटार सकायले जाये नि सांजले परत ये," ते म्हणाले. "मी कधी रस्ताकडे दखत बठनू नही. हाई तुनामुये." त्यांनी दाराबाहेर स्टँडकडे बोट दाखवलं. "उद्यापासून स्टँडवर बस. इंजिनना आवाज ऐकीसन तू दुखनं सांगस, ते कोनले येस? पगार तोच."

सरदारनं कपबशी खाली ठेवली. त्यानं नानांचे दोन्ही हात धरले.

तीनच्या सर्विसला जीवराम चाकावर बसला. जीवरामला वळणं सांगावीत म्हणून सरदारही निघाला. पण फागणे गाव सुटेपर्यंत जीवराम नीट चालवतोय असं दिसल्यावर तो पुढची जागा जळगावला परत निघालेल्या पंडितरावांना देऊन मागच्या बाकावर आला. मुकटीला भिकुबाई चढली.

"सरदारभाऊ, आज मांगे कसा बठनात?"

"आते मी बी पॅसिंजर शे, अक्का." मग तो खाली बघत म्हणाला, "त्या दिन तुमी माले दिखनातच नही. खरंच नही."

भिकुबाईचा हात पाटीवर थबकला. "माले वाटनं, तुमी गंमत करी ऱ्हायनात," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं पाटीतला सगळ्यात पिकलेला पेरू निवडून त्याच्या हातात ठेवला. "बरं झायं सांगं ते."

रस्त्यावर ऊन तिरपं झालं होतं. बाभळी एकामागून एक मागे पडत होत्या. त्या रस्त्याचा एकेक खड्डा सरदारला तोंडपाठ होता, पण कडेची शेतं त्यानं कधी नीट पाहिली नव्हती. आता तो ती पाहत राहिला, जेवढी दिसत होती तेवढी.

पारोळ्याच्या वेशीत मोटार थांबली. माणसं उतरू लागली. भिकुबाईनं वळून पाहिलं. पेरू हातात तसाच धरून, खिडकीला डोकं टेकून सरदार गाढ झोपला होता. जीवरामचा हात भोंग्याकडे गेला होता. तिनं तोंडावर बोट ठेवलं, आणि त्यानं भोंगा वाजवला नाही.