मेजरांच्या खाचा

"अहो, जरा सांभाळून! पाहुण्यांच्या नाकाला लागेल!" बायको ओरडली, तोवर मेजरांनी तलवार म्यानातून सपकन ओढलीही होती.

मेजर ही पदवी नाटक कंपनीनं दिलेली. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच भूमिका केली, आणि तिची तालीम रोज घरात चाले. तिसऱ्या अंकात घोडदळाचा अधिकारी होऊन यायचं, दोन हात करायचे आणि मरायचं. कंपनी बंद पडली तेव्हा भंगारात निघालेली तलवार त्यांनी घरी आणली. घरात सगळे तिला पत्र्याची म्हणत, आणि बायको तिच्या टोकानं छताची कोळिष्टकं काढी. आज तिला ही ब्याद घरातून घालवायची होती. मेजरांना मात्र ती खरी आहे एवढंच जाणत्याच्या तोंडून ऐकायचं होतं. सकाळपासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

जुन्या शस्त्रांचा संग्राहक पात्यावरून भिंग फिरवत होता. मुठीजवळ पलटणीची खूण दिसली आणि गडी खुर्चीतून उठलाच.

"खरी आहे! घोडदळातल्या अधिकाऱ्याचीच!"

"ऐकलंस?" मेजर बायकोकडे वळले. "खरी तलवार हातात घेऊन मेलोय मी, रोज!" आनंदानं त्यांचे डोळे भरून आले.

"आणि या खाचा बघा! लोखंडावर लोखंड आदळलंय. लढाईत वापरलेली तलवार ही. मी अशीच शोधत होतो, आजच नेतो!"

बायकोनं मेजरांना कोपरानं ढोसलं. गप्प बसले असते तर सगळं जुळून आलं असतं. पण त्यांना राहवेना.

"लढाई कसली हो? त्या खाचा माझ्या आहेत! आमचा खलनायक आडदांड. ठरलेलं सोडून वाटेल तसे वार करायचा. मग मीपण ऐकायचो नाही."

संग्राहकाचा चेहरा पडला. "मग माझ्या कामाची नाही," म्हणत त्यानं भिंग खिशात टाकलं. दारात मात्र तो घुटमळला.

"मरण्याआधी काही बोलायचात की नाही?"

"म्हणजे काय! वाक्य होतं ना एक!"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मेजर ताठ झाले, तलवार कपाळाशी नेली, तोंड उघडलं आणि आनंदाच्या भरात वाक्यच आठवेना.

"घोडा पडला म्हणून काय झालं?" मागून खणखणीत आवाज आला. "मी अजून उभा आहे!"

पोराबाळांच्या व्यापात ते नाटक एकदाही न पाहिलेली त्यांची बायको बोलत होती, तीही हातवाऱ्यांसकट. मेजर तिच्याकडे बघतच राहिले.